'शुड' आणि 'शुड हॅव'

सुट्टीत करोंदला घरी आले की शेजारच्या दहावीतल्या मुलीला मी इंग्रजी शिकवते. यंदा धडा होता सल्ला देण्याचा. मी ऐटीत सांगितलं, 'शुड' म्हणजे माझ्या मते तू हे करावंस. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे. 'हॅड बेटर' दिसायला भूतकाळी, पण अर्थ आत्ताचा, आणि पोटात इशारा, नाही केलंस तर बघ! आपल्या 'गेलेलं बरं'मध्ये एवढा दम नसतो.

मग अभ्यास दिला. खोकणाऱ्या माणसाला तीन सल्ले लिही.

दोन वाक्यं औषधाची आणि गरम पाण्याची. तिसरं होतं, 'यू शुड हॅव रन अवे.' व्याकरण बरोबर, म्हणून मी टिक करून मोकळी झाले. मग लक्षात आलं, त्यांच्या घरात खोकणारं माणूस एकच. दादी. २ डिसेंबर १९८४च्या रात्री त्या जेपी नगरला, कीटकनाशकांच्या त्या कारखान्यासमोरच राहत होत्या.

दादी तिथेच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी अर्थ विचारला, नातीने हिंदीत सांगितला. दादी म्हणाल्या, "भागे तो थे, बिटिया. खूब भागे." आणि पुन्हा खोकला.

रात्री मी वाचत बसले. मिथाइल आयसोसायनेट हवेपेक्षा जड. जे धावले त्यांना धाप लागली, आणि तो वायू छातीत जास्तच गेला. तोंडावर ओला कपडा धरा, एवढं सांगायला 'शुड' लागत नाही की 'मस्ट'. साधं आज्ञार्थी वाक्य. पण ते वस्तीतल्या लोकांना आधी कुणी शिकवलंच नव्हतं.

'शुड हॅव' हा सल्ला नसतोच. वेळ गेल्यावर उरतो तो ठपका. कन्फेशनला आपण 'मी करायला हवं होतं' म्हणतो ते स्वतःबद्दल, म्हणून ते शोभतं. दुसऱ्याला म्हणायचं तर आधी बघावं लागतं की चूक नक्की कुणाची. मी मैत्रिणींना उठसूट 'शुड हॅव' ऐकवते, तेव्हा हे कुठे बघते?

दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं, "हे वाक्य कुणाला म्हणायचंय?" ती बराच वेळ गप्प होती. मग तिने 'यू' खोडलं आणि लिहिलं, 'दे शुड हॅव टोल्ड अस.'

दादींनी याचाही अर्थ विचारला. ऐकून म्हणाल्या, "हाँ. ये सही है."