माइक हातात आला तेव्हा

10 जुलै 2019. धाडच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात कपापेक्षा माणसं जास्त. मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध 240 हव्या होत्या, 92वर 6 गेलेले, आणि जडेजा भिडलेला. पन्नास होताच त्यानं बॅट तलवारीसारखी फिरवली आणि अख्ख्या हॉटेलानं संजय मांजरेकरला शिव्या घातल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा. थोडं थोडं सगळं करणारे खेळाडू वनडेत आपल्याला पटत नाहीत, असं तो आधी बोलून बसला होता ना!

59 चेंडूंत 77 करून जडेजा गेला, आपण 18 धावांनी हरलो. आपण चुकलो, जडेजानं आपल्याला उघडं पाडलं, हे मांजरेकरनं नंतर मान्य केलं. माझं समाधान झालं नाही. 2020च्या मार्चमध्ये बोर्डाच्या समालोचकांतून त्याचं नाव गेलं, तेव्हा मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

माझा हिशेब सोपा होता. विजय मांजरेकरांसारखा बाप, पाकिस्तानात 1989 साली इम्रान-अक्रमसमोर चार कसोटींत 569 धावा, लाहोरला 218. आणि एवढ्या सुरुवातीनंतर कारकीर्द 37 कसोटींत आटोपली. म्हणजे माणूस जळतोय, दुसरं काय.

मग माझा गुडघा गेला. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत वर्षानुवर्षं ओपनिंग करणाऱ्या मला पोरांनी माइकवर बसवलं. सोपं काम! फटका कसाही असो, "चेंडू थेट सोयाबीनच्या गंजीवर!" म्हणायचं. लोक खूश, बक्षीस देणारे खूश.

एका संध्याकाळी तोंडातून गेलं, "हा पोरगा आखूड चेंडूला मान फिरवतो." खरंच फिरवायचा. पुढच्याच चेंडूवर तसाच बाद झाला. त्याचा काका शेताचा शेजारी. बांधावर भेटला तर म्हणाला, "काहून रे, आमचंच पोरगं दिसलं का तुला?" दोन महिने त्यानं रामराम घेतला नाही. मी जळत नव्हतो हो. दिसलं ते बोललो होतो.

त्या पावसाळ्यात मांजरेकरचं 'इम्परफेक्ट' वाचलं. तंत्राच्या नादात आपण स्वतःच्याच फलंदाजीचा कसा गळा आवळला, हे त्यानं लिहिलंय. ज्या मापानं जडेजाला मोजलं, त्याहून कडक माप स्वतःला लावलेलं. 1992ला हरारेत त्याच्या शतकाला आठ तासांहून जास्त लागले, तेव्हा मी रेडिओ बंद केला होता. आता ते शतक वेगळं दिसतं.

सगळंच माफ केलं असं नाही. कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत सहसमालोचक हर्षा भोगलेंना त्यानं जे ऐकवलं, खेळलेल्यांना विचारायची गरज नसते अशा थाटात, ते अजून खटकतं. त्यानं चूक कबूल केली, तरी. कदाचित जास्त यासाठी खटकतं की "आम्ही खेळलोय" हे मीही पोरांना दिवसातून चारदा ऐकवतो.

जळणारा म्हणायचं मात्र मी सोडलं.

यंदा जानेवारीत तोच पोरगा पुन्हा खेळायला उभा. काका मांडवात, पहिल्या खुर्चीवर. आखूड चेंडू आला, पोरानं मान फिरवली, बॅट हवेत. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "चांगला प्रयत्न!"