खिडकीचे गज



गेल्या चातुर्मासातली ही गोष्ट. सासूबाईंना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण माझं नाव घालू नको," एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडे धान्य निवडायचं काम आईंचं. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) मंदिरातून आल्या की परात घेऊन खिडकीपाशी बसायच्या. लग्न होऊन आले तेव्हा तांदूळ कसा पसरायचा, किडा न दुखवता कसा बाजूला करायचा, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी निवडून दिलेल्या तांदळात एके दिवशी मला तीन किडे दिसले. मी गुपचूप वेचून बाजूला ठेवले आणि "वय झालं" असं मनाशी म्हणून विषय सोडून दिला. तिथं चूक माझी झाली.

पंधरा दिवसांनी स्वाध्यायाला बसल्या असताना लक्षात आलं, की आई वाचत नाहीत, पाठ असलेलं म्हणत आहेत. पान उलटायचं राहूनच गेलं होतं. विचारल्यावर आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, तर उजव्या डोळ्याला खिडकीचे उभे गज मधेच वाकलेले दिसले. डावा उघडला की गज सरळ!

"मग बोलला का नाही, आई?"

"दुखत नव्हतं गं. आणि दुकानात जाऊन चष्म्याचा नंबर दोनदा बदलून आणला की." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चक्षुदर्शनावरणीय कर्माचा उदय असेल तर कोण काय करणार? शांतिसागर महाराजांचीसुद्धा दृष्टी गेलीच होती."

आपल्या भागात हे कुणाला माहीत नाही? दृष्टी अधू झाल्यावर चार हात जमीन पाहून चालणं, आहार शोधून घेणं कसं जमणार, म्हणून महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली आणि १९५५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची समाधी झाली. आईंच्या माहेरी ती आठवण रोज निघायची. त्याच्यापुढं मी काय बोलणार? पण त्यांनीच मला रत्नकरंड श्रावकाचार वाचायला लावला होता, तो उपयोगी पडला. मी म्हटलं, "आई, ज्या रोगावर उपाय नाही त्याच्यासाठी ते आहे ना? तुमच्या डोळ्याला उपाय आहे की नाही, हे आपण अजून बघितलंच नाही." आई गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाल्या, "चतुर्दशी सोडून कधीही चल."

चतुर्दशी का, ते तिथं गेल्यावर कळलं. बाहुली मोठी करायला थेंब घालतात आणि त्याची कडू चव थोड्या वेळानं घशाला लागते, कारण डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात आणि पुढं घशात जाणारी एक बारीक नळी असते. आईंना हे मैत्रिणीकडून आधीच कळलं होतं, उपवासाला ते नको होतं. सिस्टरनं सांगितलं, की थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटानं दाबून धरला तर चव फारशी उतरत नाही. पुढं काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. त्यामुळे सकाळची वेळ घ्या, म्हणजे सूर्यास्ताआधीचं जेवण घरी येऊन निवांत होतं.

मग ओसीटी नावाची तपासणी. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचं, झालं. सुई नाही, डोळ्याला स्पर्श नाही. माझ्या वडिलांच्या वेळी हातात पिवळा रंग टोचून फोटो काढले होते, लघवी दिवसभर पिवळी. ती तपासणी अजूनही लागते कधी कधी, पण प्रत्येक वेळी नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला आवडलं. डोळ्याचा पडदा समोरून बघायचं साधन १८५१ पासून आहे, जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झनं केलेलं. पण समोरून चिरोटा नुसता गोल दिसतो. आतले पापुद्रे बघायचे तर तो मोडावा लागतो, आणि डोळा कसा मोडणार? १९९१ मध्ये अमेरिकेत हुआंग, फुजिमोटो आणि त्यांच्या सोबत्यांनी न मोडता पापुद्रे बघायची युक्ती प्रसिद्ध केली. प्रकाश आत सोडायचा, वेगवेगळ्या थरांवरून तो परत येतो, आणि सोबतच्या दुसऱ्या किरणाशी जुळवून कुठला थर किती खोल आहे ते काढायचं. हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात! पाचेक वर्षांत ती यंत्रं दवाखान्यात आली.

पडद्यावर आईंचे पापुद्रे दिसले. मधोमध, जिथं खळगा असायला हवा, तिथं टेकडी आणि तिच्या पोटात काळी भोकं. ते पाणी. मधल्या भागाची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते, आईंची जवळजवळ दुप्पट भरली. चौदा वर्षांच्या साखरेनं बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या होत्या. पडदाच फुगला, म्हणून गज वाकले. चष्म्याच्या नंबराशी त्याचा संबंधच नव्हता. पडद्याला दुखणं कळत नाही, आणि दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. आपल्या घरातल्या बायका करतात तसंच.

मी विचारलं, "आधी आलो असतो तर?" डॉक्टर म्हणाले, साखर निघाली त्याच वर्षी पडदा बघायचा असतो आणि मग दरवर्षी, दिसायला चांगलं असलं तरी. चौदा वर्षांत आम्ही एकदाही बघितला नव्हता. साखरेच्या गोळ्या मात्र मी दर महिन्याला न चुकता आणत होते.

इलाज म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच माझे पाय गळाले, आई मात्र णमोकार म्हणत आत गेल्या. बधिर करतात, दाब आल्यासारखं वाटतं म्हणाल्या. आतापर्यंत चार झाली. टेकडी बरीच बसली आहे, भोकं दोन उरली आहेत. मोठ्या अक्षराचा ग्रंथ उजव्या डोळ्यानं वाचता येतो, बारीक टिपा नाही. जे गेलं ते सगळं परत येईल असं डॉक्टरांनी कबूल केलेलं नाही.

मलाही दोन वर्षांपासून साखर आहे. त्याच आठवड्यात माझेही फोटो काढून घेतले.

धान्य आता आम्ही दोघी निवडतो. बसण्याआधी आई एकेक डोळा हातानं झाकून खिडकीकडं बघतात. परवा म्हणाल्या, "तिसरा गज अजून जरा वाकडा आहे गं. बाकीचे सरळ." मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. पुढची तारीख मंगळवारची आहे, अष्टमी नाही ना ते बघूनच घेतली.