क्ष मानू

मी दहावी पास आहे, पण दहावीचा गणिताचा पेपर मी कधी दिलेला नाही. २०२१ साली कोविडमुळे गुजरात बोर्डानं परीक्षा रद्द केली आणि आम्हाला मास प्रमोशन मिळालं. त्यानंतर मी आर्ट्सला गेले, मग मराठी वाङ्मय शिकायला सुरतेहून मुंबईला आले. बीजगणिताशी असलेलं माझं नातं असं निरोप न घेताच संपलं होतं. ते पुन्हा जुळलं गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या उधन्याच्या घरात, भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर.

झालं असं की कॉलेजमध्ये फी-सवलतीचा एक अर्ज असतो. त्यात एक रकाना आहे : ‘पालकांचे वार्षिक उत्पन्न’. एफ.वाय.ला मी पप्पांना फोन करून आकडा विचारला. ते म्हणाले, “कशाला पाहिजे? फी भरतोय ना मी?” एस.वाय.ला विचारलं तेव्हा म्हणाले, “आपण कुणापुढं हात पसरत नाही, पोरी.” दोन्ही वर्षं तो रकाना कोरा राहिला आणि अर्ज माझ्या फाइलमध्ये. यंदा टी.वाय. पुढं एम.ए. करायचं की नोकरी शोधायची, हे त्या कोऱ्या रकान्यावर अडलं होतं. पप्पांना नेमकं किती मिळतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईलासुद्धा नाही.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचं, एवढंच आता गावाशी नातं उरलंय. पप्पा लग्नाआधीच सुरतेला आले आणि पांडेसऱ्यात एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागले. ते कलर किचनमध्ये असतात. या किचनमध्ये स्वयंपाक रंगांचा. मोठ्या पिंपांत गोंदाची पेस्ट, त्यात तोलून टाकलेला रंग, आणि मग ते घोटणं. एक किलोला इतके ग्रॅम, तर साठ किलोला किती, हे त्रैराशिक सातवी शिकलेले पप्पा तोंडी करतात. लहानपणी आम्ही भावंडं त्यांची नखं बघून ओळखायचो, आज कुठली साडी छापली. राणी कलर सगळ्यात चिवट. रविवारी मिस्साला जाताना आई त्यांची बोटं लिंबानं घासायची, तरी कम्युनियन घेताना तळहातावर राणी कलर दिसायचाच.

तर कालनिर्णय. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आईनं सांगितलं, “सिलिंडर कधी आला होता बघ गं.” मी पान उलटलं. सिलिंडरच्या तारखेला आई ‘ग’ लिहिते. पण मला पहिल्यांदाच नीट दिसली ती पप्पांची टिंबं. तारखेच्या चौकटीत एक टिंब म्हणजे एक पाळी, बारा तासांची. दोन टिंबं म्हणजे डबल. दिवस आणि लगेच रात्र. आणि पानाच्या तळाशी आईच्या अक्षरात एक आकडा : त्या महिन्यात तिच्या हातात आलेले पैसे. इतकी वर्षं एकाच पानावर दोघं लिहीत होते, एक वर, एक खाली. दोन्ही एकत्र कुणी वाचलं नव्हतं.

ऑगस्टात २६ टिंबं, खाली १२,९००. सप्टेंबरात ३० टिंबं, खाली १५,५००.

मला वाटलं, सोपं आहे. भागाकार करायचा, एका पाळीचा दर निघेल. १२,९०० भागिले २६ : साधारण ४९६. पण १५,५०० भागिले ३० : जवळजवळ ५१७. जमेना. एका महिन्यात दर वाढून वीस-एकवीस रुपयांनी? आणि असल्या मोडक्या आकड्यात पगार कोण देतं? म्हणजे मधे आणखी काहीतरी होतं, जे दर महिन्याला कापलं जात होतं आणि पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

इथं मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, बाई गुजराती. पोरं गोंधळली की त्या इंग्रजी सोडून गुजरातीत यायच्या : “धारो के...” आपण मराठीत म्हणतो ‘मानू’. समजा, पेनाची किंमत क्ष रुपये मानू. जे माहीत नाही त्याला आधी मानायचं, नाव द्यायचं, आणि ते माहीत असल्यासारखं त्याच्याशी वागायचं. बेरीज करायची, गुणायचं, बरोबरच्या चिन्हापलीकडे न्यायचं. तेव्हा मला हे ढोंग वाटायचं. माहीत नाही तर नाही, क्ष कशाला?

आता गरज माझी होती. सिलिंडरच्या पावतीच्या मागे लिहिलं : एका पाळीचा दर क्ष मानू. दर महिन्याला कापली जाणारी रक्कम य मानू.

२६क्ष − य = १२,९००
३०क्ष − य = १५,५००

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की य जातो. याला शाळेत ‘चलाचा लोप’ म्हणतात. हा शब्द व्याकरणातही आहे, तुम्हाला माहीतच आहे. वर्णाचा लोप होतो, पण त्याची खूण शब्दात राहते. उरलं : ४क्ष = २,६००. क्ष म्हणजे ६५०. आणि य? २६ पाळ्यांचे १६,९००, हातात आले १२,९००. य म्हणजे ४,०००. जुलैचं पान काढून पडताळा घेतला. २७ टिंबं, १७,५५०, वजा ४,०००, तेरा हजार पाचशे पन्नास. तळाशी आईच्या अक्षरात तोच आकडा.

उत्तर बरोबर आलं की शाळेत खाली दोन रेघा ओढायचो. मी ओढल्या नाहीत. माझं लक्ष त्या चारवर अडकलं होतं. य घालवला होता तो या चारनं. सप्टेंबरातली ती चार जादा टिंबं म्हणजे चार रात्री. त्याच महिन्यात मी हॉस्टेलवरून फोन करून म्हटलं होतं, “पप्पा, अभ्याससहलीचे पैसे भरायचेत.”

सुट्टीनंतर मुंबईला परतल्यावर लायब्ररीत मी भास्कराचार्यांविषयी वाचलं. खरं तर आमच्या चाळीत शेजारी खानदेशातले काका आहेत, चाळीसगावचे. ते अहिराणीत सांगायचे, त्यांच्या गावाजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा शिलालेख आहे. मी ते ‘आमच्या गावचं सगळं मोठं’ या सदरात टाकून दिलं होतं. पण आहे खरा. इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग.

मला थांबवलं ते त्यांच्या शब्दांनी. आपण क्ष म्हणतो किंवा इंग्रजी अक्षर वापरतो. अज्ञात राशींना वर्णमालेतली शेवटची अक्षरं देण्याची रीत युरोपात देकार्तनं १६३७ मध्ये रुळवली. भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला ‘यावत्-तावत्’ म्हणतात. जेवढं असेल तेवढं. एकाहून जास्त अज्ञात असले की पुढच्यांना रंगांची नावं : काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिलं अक्षर : का, नी, पी, लो. एक अज्ञात असेल तर एकवर्ण समीकरण, अनेक असतील तर अनेकवर्ण. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षरही. अज्ञाताला एकूण नाव ‘अव्यक्त’.

आयुष्यभर रंग तोलणाऱ्या माणसाचा पगार मी शोधत होते, आणि अज्ञाताचं नावच रंग निघालं.

दुसरी गोष्ट टिंबांची. उणे संख्या दाखवायला भास्कराचार्य संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. उणे संख्येला शब्द ‘ऋण’, अधिकला ‘धन’. धन-ऋणाचे नियम त्याआधी ब्रह्मगुप्तानं ६२८ साली मांडले होते. वजाचं चिन्ह आपण आज आडव्या रेघेनं काढतो, पण तोंडानं अजून ‘ऋण’ म्हणतो. कर्ज.

मीही त्या ४,००० चा अर्थ कर्ज असाच लावला होता. मिलमध्ये कामगार आगाऊ रक्कम उचलतात आणि ती पगारातून कापून देतात. आपण उचल म्हणतो, सुरतेत उपाड. मी हिशेब लावून टाकला : मी मुंबईला गेले, हॉस्टेलचं डिपॉझिट भरलं, त्यासाठी उचल, म्हणून ४,०००, म्हणून डबल पाळ्या. म्हणून एम.ए. नाही. सगळं एका ओळीत सुटलं.

त्या रात्री पप्पा ओट्यावर चहा घेत बसले होते. मिलला सुट्टी लागली होती, तरी नखांत निळा होता. मी पावती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे क्ष काय?”

“तुमचा पाळीचा रेट.”

“साडेसहाशे. बरोबर आहे. कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुमच्या टिंबांनी.”

ते हसले नाहीत. बोट य वर ठेवून म्हणाले, “आन हे?”

“उचल. माझ्या हॉस्टेलची.”

आता मात्र त्यांनी चष्मा काढला. “हॉस्टेलची उचल मागच्या वर्षीच फिटली. आता चालूय ती तुझ्या आज्जीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची. तिचे अडीच हजार. आणखी पाच महिने.”

“आणि राहिलेले दीड हजार?”

“भिशी.”

“कशाची?”

“असंच. लागत्यात कधीतरी.” थोडं थांबून म्हणाले, “तुझं ते पुढचं काय ठरतंय, बघून लावू कशाला लावायचे ते.”

आई दारात उभी होती. तिला ऑपरेशनचं माहीत होतं, भिशीचं नव्हतं. ती काही बोलली नाही, आत जाऊन कुकर लावला. शिट्ट्या जरा जोरातच वाजल्यासारख्या वाटल्या.

माझं गणित चुकलं नव्हतं. य ची किंमत ४,००० च होती. पण य म्हणजे काय, हे समीकरण सांगत नाही. ते मी माझ्या मनानं भरलं होतं, आणि भरताना स्वतःला अपराधी ठरवून मोकळी झाले होते. त्यात एक सोय असते. बाप माझ्यासाठी झिजतोय, म्हणून मी शिक्षण सोडते. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात त्या एका य च्या आत दोन अज्ञात होते, एक ऋण, एक धन, आणि त्यांची बेरीज तेवढी माझ्यापाशी होती. दोन अज्ञात आणि एक समीकरण असेल तर उत्तरं कितीही निघतात, हे शाळेत शिकवलेलं असतं. दुसरं समीकरण पानावर नव्हतं. ते विचारायलाच लागत होतं. दोन वर्षं मी फोनवर आकडा विचारत होते. ‘तुमचं कसं चाललंय’ असं कधी विचारलं नव्हतं.

मी अर्ज काढला. पप्पा “हात पसरणं” वगैरे म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मी म्हटलं, “पप्पा, मिलमधून उचल घेता ते चालतं, मग हे का नाही? आणि हे तर फेडायचंही नाही.” त्यावर ते गप्प बसले, मग स्वतःच आत जाऊन कालनिर्णय काढून आणलं. त्याच खिळ्याला मागे आदल्या वर्षीचंही टांगलेलं असतं. ऑक्टोबर ते सप्टेंबर, आम्ही दोघांनी टिंबं मोजली. ३२६. मी गुणलं, २,११,९००.

“चूक,” पप्पा म्हणाले.

“कशी?”

“मार्चपर्यंत रेट सहाशेवीस होता. तुझा क्ष काय बारा महिने एकच असतोय का?”

मार्चपर्यंतची १५४ टिंबं, नंतरची १७२. पहिल्यांचे ९५,४८०, दुसऱ्यांचे १,११,८००. ही बेरीज त्यांनी तोंडी केली, मी मोबाइलवर. त्यांची आधी झाली. २,०७,२८०. मी तो आकडा रकान्यात लिहिला. पप्पांनी अंकांत आणि अक्षरांत दोनदा वाचला आणि खाली सही केली.

दाखला काढायला मामलतदार कचेरीत दोन फेऱ्या झाल्या, तो वेगळा निबंध होईल. अर्ज आता ऑफिसात आहे. उत्तर आलेलं नाही. एम.ए.चंही पक्कं नाही, पण ‘नाही’ हे उत्तर मी खोडून टाकलंय.

आई आता महिना संपला की पानाचा फोटो पाठवते. वर टिंबं, खाली आकडा. नोव्हेंबरात दोन टिंबांच्या चौकटी दोनच होत्या. आणि तळाशी आईच्या अक्षरात एक नवी ओळ आली आहे : ‘भिशी १,५००’.