सालामांकातले सहा आठवडे

माद्रिदच्या वायव्येला दोन-अडीच तासांवर सालामांका आहे. गाव सोनेरी दगडाचं. जवळच्या विल्यामायोर गावच्या खाणीतला हा दगड काढल्यावर मऊ असतो, मग हवेनं टणक होतो आणि त्याचा रंग मधासारखा होत जातो. संध्याकाळी सहानंतर सगळं गाव तुपात तळल्यासारखं दिसतं, असं मी बडोद्याला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे तू नीट जेवत नाहीयेस."

मी तिथे सहा आठवडे स्पॅनिश शिकायला गेले होते. राहायची सोय एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरी होती. त्यांच्या बाल्कनीत जिरेनियमच्या बारा कुंड्या होत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, दुपारी बहिणीकडे जेवायला येतेस का? माझा अभ्यास राहिला होता, म्हणून नम्रपणे सांगितलं, "नो पोदो." बाई गोंधळल्या. कुंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की तुला कोणी सांगितलंय करायला?

'पोदेर' म्हणजे शकणे, म्हणून 'मी शकते' ते 'पोदो', असा माझा सरळ हिशेब. पण ते आहे 'पुएदो'. 'पोदो' हे 'पोदार' या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, आणि त्याचा अर्थ 'मी झाडं छाटते'. जेवायच्या आमंत्रणाला मी 'मी छाटणी करत नाही' असं उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे मी, तू, तो. उजवीकडे आम्ही, तुम्ही, ते. 'केरेर' म्हणजे हवं असणे, प्रेम करणे. किएरो, किएरेस, किएरे. केरेमोस, केरेइस, किएरेन. बदललेल्या चार रूपांभोवती त्यांनी रेघ ओढली आणि फळ्यावर बूट तयार झाला. आम्ही आणि तुम्ही बुटाच्या बाहेर. 'दोर्मीर' म्हणजे झोपणे: दुएर्मो, पण आम्ही झोपतो ते दोर्मीमोस. 'पेदिर' म्हणजे मागणे: पिदो, पण पेदिमोस. खेळण्याचं 'हुगार' एकटंच आपलं 'उ'चं 'उए' करतं: हुएगो. आणि 'कोमेर', खाणे, काहीच करत नाही: कोमो. कोणतं क्रियापद बदलतं हे वरून ओळखू येत नाही, पाठच करावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटलं.

त्या दुपारी विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ 1218 सालचं. दर्शनी भिंतीवर कोरीव कामाची इतकी गर्दी आहे की त्यात कवटीवर बसलेला एक बेडूक शोधायचा हा तिथे येणाऱ्यांचा खेळच झालाय. ज्याला सापडेल तो परीक्षेत पास, असं विद्यार्थी मानतात. मला तो सापडायला वीस मिनिटं लागली, तेही एका शाळकरी मुलानं बोट दाखवल्यावर. आत जुना वर्ग आहे, ओबडधोबड लाकडी ओंडक्यांच्या बाकांचा. याच विद्यापीठात शिकलेल्या आणि शिकवलेल्या आंतोनिओ दे नेब्रिखानं स्पॅनिशचं पहिलं व्याकरण लिहिलं आणि ते 1492 मध्ये याच गावात छापलं गेलं. कोलंबस निघाला तेच साल.

बुटाचं कारण मात्र नेब्रिखाहून कितीतरी जुनं. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ वर जिथे जोर पडला तिथे स्पॅनिशमध्ये ते फुटले: 'ए'चा 'इए', 'ओ'चा 'उए'. जोर नसेल तिथे तसेच राहिले. 'आम्ही' आणि 'तुम्ही'च्या रूपांत जोर मुळावरून प्रत्ययावर सरकतो, म्हणून मूळ शांत राहतं. नामांतही हेच दिसतं. दार ते 'पुएर्ता', पण दारवान 'पोर्तेरो'. दात 'दिएन्ते', दाताचा डॉक्टर 'देन्तिस्ता'. (पेदिरच्या गटाची कहाणी वेगळी आहे, ती इथे नको.)

रोमन पुलावर तोर्मेस नदी बघत बसले असताना एकदम लक्षात आलं की आपणही असं काही करतोच. मीठ, पण मिठात. फूल, पण फुलाला. आपल्याकडे जोराचा नाही, दीर्घ-ऱ्हस्वाचा मामला आहे. तरी पुढे काही जोडलं की मूळ शब्द अंग चोरतो, हे तसंच. आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या गुजराती काकू 'फूलाला' लिहायच्या, तेव्हा आम्ही पोरं हसायचो. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हालाही कोणी शिकवलं नव्हतं. कानानं येत होतं.

पाचव्या आठवड्यात सकाळी लवकर फोन वाजला. बाईंची बहीण, जिच्याकडे मी जेवायला गेले नव्हते, रात्री गेली. बाई स्वयंपाकघरात टेबलापाशी उभ्या होत्या, कॉफीचं भांडं हातात तसंच. मी दारात थांबले. काय म्हणायचं ते माहीत होतं: 'सेन्तीर', वाटणे, दुःख होणे. पण एक स्वर चुकला तर? 'छाटणी'वर त्या महिनाभर हसल्या होत्या. आज त्यांना माझ्या चुकीची दुरुस्ती करायला लावायची? गप्प राहून खोलीत परत जावं, असंही मनात आलं. मग बुटाची रेघ आठवली. मी, म्हणजे बुटाच्या आत.

"लो सिएन्तो," मी म्हटलं. "लो सिएन्तो मुचो."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. पायानं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "सिएन्ताते." बस. हे 'सेन्तार', बसणे. क्रियापद दुसरं, पण स्वर तसाच फुटलेला. बराच वेळ आम्ही दोघी काही न बोलता बसलो. मग त्या उठल्या, कात्री घेतली, बाल्कनीत गेल्या आणि लाल जिरेनियमची सगळी फुलं कापून बहिणीसाठी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. मी दुसरी कात्री घेतली.