तांबड्या दगडाचं माप

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला चार राज्यांत पसरलेलं कोलोरॅडो पठार आपल्यापैकी कितीतरी जणांच्या ओळखीचं आहे, ते केवळ फोटोंमुळं. ग्रँड कॅन्यनचे थरांवर थर, मॉन्युमेंट व्हॅलीतले सुटे उभे सुळके, अँटिलोप कॅन्यनच्या वळत गेलेल्या नारिंगी भिंती ही दृश्यं कॅलेंडरांवर आणि संगणकाच्या पडद्यावर इतक्यांदा दिसतात, की तिथं प्रथमच जाणाऱ्यालाही ती परिचयाची वाटतात. या फोटोंबद्दल एक शंका हमखास विचारली जाते: रंग खरंच एवढा असतो का? विचारणाऱ्याला वाटतं, फसवणूक झाली असेल तर ती रंगात. मला ही शंका चुकीच्या जागी घेतलेली वाटते. या भूमीच्या फोटोत रंगाइतकं निर्दोष दुसरं काही नसेल. हरवतं ते माप. दगड केवढा आहे, पाणी कुठवर चढतं, इथं कोण राहतं, या तिन्हींचं माप चौकटीतून गळालं की फोटो कितीही देखणा असला तरी जागा लहान होते.

आधी रंगाचं पाहू, कारण तिथं आरोप सर्वांत मोठा आणि पुरावा सर्वांत कमी आहे. युटातल्या झायनचे कडे आणि अँटिलोप कॅन्यनची घळ ज्या नवाहो वालुकाश्मात कोरली गेली, तो सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांपासून बनलेला आहे. त्यातला एक कण भिंगाखाली धरला तर तो गारेचा, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तांबडेपणा असतो तो कणाभोवतीच्या हेमटाइटच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या, अगदी पातळ लेपाचा. जमिनीखालच्या द्रवांनी जिथं हे लोह विरघळवून नेलं, तिथं तोच दगड पांढरट पडला. झायनच्या कड्यांच्या माथ्याशी हे उघड दिसतं. म्हणजे रंग हा दगडावर चढलेला आणि उतरलेला थर आहे. त्यावर पुन्हा उजेडाचा खेळ. अरुंद घळीत ऊन थेट तळाशी क्वचितच पोचतं. ते वरच्या भिंतीवर पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर, मग खाली. प्रत्येक टप्प्यावर दगड निळा-हिरवा अंश गिळतो आणि तांबडा-नारिंगी पुढं पाठवतो. जिथं ऊन कोणत्याच वाटेनं येत नाही आणि केवळ निळ्या आकाशाचा उजेड झिरपतो, तिथं तोच दगड जांभळा दिसतो. अशा जागी कॅमेरा स्वयंचलित व्हाइट बॅलन्सवर ठेवला तर तो हा सारा नारिंगीपणा दोष समजून पुसायला धावतो. ‘कॅमेऱ्यातून आला तसाच ठेवलाय’ असं जेव्हा कुणी अभिमानानं सांगतं, तेव्हा तो रंगही कारखान्यातल्या कुणीतरी आधीच ठरवलेला असतो.

इतिहासही हेच सांगतो. या भूमीचे पहिले फोटो ज्या ओल्या कोलोडियनच्या काचांवर घेतले गेले, त्यांना निळा उजेड दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. आकाश कोरं पांढरं येई आणि तांबडा कडा काळपट. तांबड्या दगडाची छायाचित्रणातली सुरुवात तांबडा न दिसणाऱ्या काचेवर झाली आणि तरीही ती छायाचित्रं थोर आहेत. पुढं रंगीत फिल्म आली, आणि युटातल्या एका खोऱ्याला तर फिल्मचंच नाव पडलं: १९४० च्या दशकाच्या अखेरीस नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेनं त्याला कोडाक्रोमचं नाव दिलं आणि आज ते कोडाक्रोम बेसिन स्टेट पार्क आहे. १९९० साली फुजीची व्हेल्विया बाजारात आली आणि गडद, भडक तांबड्याची चाल पडली. प्रत्येक पिढीनं आपल्या साधनाचा तांबडा पाहिला. यातला कुठला खरा, हा वाद मिटण्यासारखा नाही, आणि मिटला नाही म्हणून फारसं बिघडतही नाही.

मापाचं मात्र तसं नाही. १५४० साली गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार होपी जमातीच्या वाटाड्यांबरोबर ग्रँड कॅन्यनच्या काठावर पोचला. काठावरून स्पॅनिश लोकांना खालची नदी वावभर रुंद वाटली. होपींनी ती खूप मोठी असल्याचं सांगितलं, पण पाहुण्यांना ते पटेना. तिघे चपळ शिपाई खाली उतरायला निघाले आणि तिसऱ्या हिश्शापर्यंत जाऊन थकून परतले. वरून जे दगड माणसाच्या उंचीचे दिसत होते, ते सेव्हिलच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितल्याची नोंद मोहिमेच्या वृत्तांतात आहे. ही माणसं अडाणी नव्हती, अर्धं जग पायांखालून घातलेल्या सैन्यातली होती. तरी डोळे फसले, कारण तिथं डोळ्याला धरायला काहीच नसतं. हवा कोरडी, त्यामुळं लांबचं धूसर होत नाही. झाडं विरळ. आणि मुख्य म्हणजे हा दगड लहानमोठ्या सगळ्या प्रमाणांत सारख्याच आकारांत फुटतो आणि झिजतो: हातभर खडकावरच्या भेगा आणि शेकडो मीटरच्या कड्यावरच्या भेगा यांत फरक करता येत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ दगडाचा फोटो घेताना त्यावर हातोडी किंवा नाणं ठेवतात, ते याचसाठी. डोळ्यांनी पाहणाऱ्याला निदान चालता येतं, मान वळवता येते, पाय दुखतात तेव्हा अंतर कळतं. फोटो पाहणाऱ्याजवळ यातलं काहीच नसतं. त्याला मिळेल ते माप चौकटीतच मिळायला हवं.

छायाचित्रकार टिमथी ओसलिव्हनला हे पक्कं ठाऊक होतं. १८७३ साली अमेरिकी सैन्याच्या व्हीलर सर्वेक्षणाबरोबर ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे इथं त्यानं घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे: पट्टेदार प्रचंड कडा, तळापासून सुमारे ५० फुटांवर कड्यातली खोबण, खोबणीत प्राचीन घरांचे अवशेष, आणि त्यांच्याजवळ उभी मुंगीएवढी माणसं. ती सापडेपर्यंत चित्र एक असतं आणि सापडल्यावर दुसरंच होतं. कडा अचानक वर चढू लागतो. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲन्सल ॲडम्सनं जवळजवळ त्याच जागेवरून तेच दृश्य टिपलं. ॲडम्सच्या प्रतीत दगडाचा पोत अधिक समृद्ध आहे, करड्या छटांवरची त्याची हुकमत ओसलिव्हनला साधणारी नव्हती. माणसं मात्र नाहीत. माझ्या मते ॲडम्सचं चित्र अधिक सुंदर आहे आणि ओसलिव्हनचं अधिक मोठं. शिवाय त्या दरीचा प्रश्न केवळ उंचीचा नाही. १८६४ च्या जानेवारीत किट कार्सनच्या अमेरिकी फौजा तिच्यात शिरल्या होत्या. तिथल्या नवाहो आदिवासींची शेतं आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त करून त्या लोकांना शेकडो मैल दूर चालत नेण्यात आलं. चार वर्षांनी ते परतले, आणि आजही त्या दरीत त्यांची घरं, शेतं, मेंढरं आहेत. ओसलिव्हननं त्याच मोहिमेत मागावर बसलेल्या नवाहो विणकरांचाही फोटो घेतला. निर्मनुष्य, अनादि, कुणाच्याच मालकीचा नसलेला प्रदेश ही कल्पना सर्वेक्षणाच्या पहिल्या काचांत इतकी पक्की नव्हती. तिच्या पक्केपणाला नंतरच्या सुंदर चित्रांनी मोठा हातभार लावला.

कुणी म्हणेल, फोटो म्हणजे नकाशा नव्हे. कलावंतानं आकार, लय, उजेड एवढंच घेतलं तर त्याला कोणत्या न्यायानं अडवायचं? अडवायचा प्रश्नच नाही. वाळूच्या टेकडीचे तिरपे थर दगडात गोठलेले असतात, त्यांच्या रेषांवरून नजर फिरवण्यात खरा आनंद आहे आणि त्याला हातोडीची गरज नाही. पण आकार कशाचा आकार आहे, हे विसरायला लावणारी निवड नुसती सौंदर्याची राहत नाही. अँटिलोप कॅन्यनचं उदाहरण घ्या. त्या घळीच्या वरच्या भागाचं नवाहो नाव दगडांतून पाणी वाहतं ती जागा असं सांगतं. भिंतींच्या ज्या लाटा आपण फोटोत पाहतो, त्या पुराच्या पाण्यानं आणि त्याबरोबर येणाऱ्या वाळूनं घासून काढलेल्या आहेत. घळीत कधीकधी डोक्याच्या बऱ्याच वर दोन भिंतींमध्ये आडवा अडकलेला लाकडाचा ओंडका दिसतो. साल सोललेली, टोकं भुगा झालेली, भोवती गवताचा वाळका गुंता. तो ओंडका म्हणजे पूर कुठवर आला होता याची खूण. फोटोत तो नको असतो, कारण तो गुळगुळीत वळणं मोडतो. म्हणून चौकट जरा खाली घेतात किंवा मागाहून तो पुसतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल लांब पडलेल्या पावसाचं पाणी खालच्या अँटिलोपमध्ये घुसलं आणि ११ पर्यटक दगावले. घळीवर फारसा पाऊस नव्हता. फोटोंमुळं ते मेले असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. पण ज्या जागेची सारी कीर्ती चित्रांवर उभी आहे, त्या चित्रांतून पाणी इतकं पूर्णपणे वगळलं जावं, हे मला निरुपद्रवी वाटत नाही.

आपल्याकडच्या सांदण दरीशी इथं तुलना करता येते. भंडारदऱ्याजवळची ही घळ काळ्या बेसॉल्टमधली, उजेड पिऊन टाकणारी. तिथं नारिंगी जादू होत नाही. त्यामुळं ट्रेकर मंडळींच्या फोटोंत दोरावर लोंबकळणारी, कमरेएवढ्या पाण्यातून सॅक डोक्यावर धरून चालणारी माणसं असतात आणि दरी केवढी आहे ते आपोआप कळतं. पावसाळ्यात तिथं उतरायचं नसतं, हेही त्या फोटोंबरोबर तोंडोतोंडी पोचतं. अँटिलोपमध्ये नवाहो वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. रिकाम्या घळीचा फोटो हवा असेल तर तोच मागची टोळी क्षणभर थोपवून धरतो. उन्हाचा झोत दिसावा म्हणून मूठभर वाळू हवेत उडवणाराही कित्येकदा तोच. त्या एकांताचं अर्धं काम त्यानं केलेलं असतं आणि चित्रात तो कुठं नसतो.

मग माणूस घातला की झालं का? तसंही नाही. कोलोरॅडो नदीच्या हॉर्सशू बेंड या वळणाच्या कड्यावर, खाली सुमारे ३०० मीटरची उभी दरी, हात पसरून पाठमोरी उभी असलेली आकृती आता इतकी सर्रास झाली आहे की तिथं कठडा बांधावा लागला. त्या आकृतीत उंचीचं माप असतं, नाही असं नाही. पण ओसलिव्हनची माणसं शोधावी लागतात आणि सापडली की नजरेला दगडाकडं परत पाठवतात. कड्यावरची आकृती नजर स्वतःपाशीच धरून ठेवते, आणि दगड मागचा पडदा होतो.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत भारी आक्षेप छायाचित्रकार एलियट पोर्टरच्या नावानं घेता येईल. कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ साली बंद झाले आणि त्याच वर्षी सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेनं बुडणाऱ्या त्या दरीवरचं पोर्टरचं पुस्तक काढलं. त्याच्या रंगीत चित्रांत क्षितिज क्वचित, माणूस जवळजवळ नाही. ओल्या दगडावरचे डाग, पाण्यातली प्रतिबिंबं, काठचं गवत, भिंतीचा एखादा तुकडा. म्हणजे मी ज्याला दोष देतो ते सगळं. तरीही त्या चित्रांनी हजारो लोकांना हळहळायला लावलं, आणि ग्रँड कॅन्यनमध्ये नियोजित असलेली दोन धरणं १९६८ पर्यंत बारगळली, त्यामागच्या जनमतात या पुस्तकाचा वाटा होता. हा पुरावा मी नाकारत नाही. मात्र पोर्टरची चित्रं एकटी फिरली नव्हती. ही जागा कुणाला ठाऊकच नव्हती, असं पुस्तकाचं शीर्षकच सांगत होतं, आणि त्या मुखपृष्ठाआड वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की हे सारं पाण्याखाली चाललं आहे. चौकटीत नसलेलं माप पुस्तकानं पुरवलं. शिवाय पोर्टरचं पाणी, गवत, झुडपं नेहमीच्या ओळखीच्या आकाराची आहेत. हात पुढं केला तर लागेल इतक्या अंतरावरून तो पाहतो. तीच चित्रं आज पुस्तकातून सुटी होऊन पडद्यावर सरकत गेली, तर उरेल ते नुसतं सुरेख तांबडं नक्षीकाम.

धरणामागचा पॉवेल तलाव आता ओसरतो आहे. २०२३ च्या सुरुवातीला तो भरल्यापासूनच्या नीचांकाला गेला आणि तांबड्या कड्यांवर सुमारे ५५ मीटर उंचीची पांढरी पट्टी उघडी पडली. पाण्यातल्या क्षारांचा तो थर. बुडालेल्या काही उपघळी वर आल्या आहेत, तळच्या गाळात विलो आणि कॉटनवुड पुन्हा रुजू लागले आहेत, आणि छायाचित्रकार तिकडं वळले आहेत. जरा खाली रोखलेल्या भिंगातून ती पट्टी सहज टाळता येते. मग जणू १९६३ पूर्वीचं ग्लेन कॅन्यन जसंच्या तसं परत आल्याचा फोटो मिळतो, आणि तो विकलाही जाईल. पट्टी ठेवली तर रंगसंगती बिघडते, पण दगड, पाणी आणि माणसाची करणी तिन्ही एका चौकटीत येतात. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्याचे सहकारी ओसलिव्हनसारख्यांच्या जुन्या फोटोंवरून नेमकी तीच जागा, तीच वेळ शोधून पुन्हा फोटो घेत फिरले. दगडांच्या भेगा आणि सावल्या जुळवून शंभर वर्षांत काय हललं ते त्यांनी दाखवलं. आजच्या या उपघळींशी पुढं कुणी तसाच येऊन उभा राहिला, तर पाणी किती चढलं की आणखी उतरलं, हे त्याला आज घेतलेल्या फोटोंतल्या पट्टीवरूनच मोजावं लागेल.