टाकीत पेट्रोल किती होतं?



२०१५ च्या फेब्रुवारीत मी गुडगावला होतो. गुरुग्राम हे नाव त्यानंतरच्या वर्षी आलं. तुकडी लहान आणि काम सगळं गाड्यांचं. मी ईएमईचा हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. दिवसभर जिप्सी नाहीतर स्टॅलियनच्या बॉनेटमध्ये डोकं घालायचं आणि संध्याकाळी रोल कॉल झाला की चहाचा मग घेऊन रेक रूममध्ये टीव्हीसमोर बसायचं.

आमच्यात एक नायक होता, कोइमतूरचा. नारायण कार्तिकेयनच्या गावचा, त्यामुळे फॉर्म्युला वनचं वेड. त्या दिवसांत स्पेनमध्ये खेरेसला नव्या गाड्यांची चाचणी चालू होती. सीझन सुरू होण्याआधी सगळ्या टीमना तेव्हा बारा दिवस मिळायचे: चार खेरेसला, आठ बार्सिलोनाला. आपल्याकडे रात्र व्हायची तोवर तिकडचा दिवस संपायचा आणि हा पठ्ठ्या मोबाइलवर त्या दिवसाच्या वेळा वाचून दाखवायचा.

आमचे सुभेदार साहेब रोहतकचे. २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली, ती त्यांनी स्टँडमध्ये बसून पाहिलेली. तीन वर्षांत ती शर्यत बंद पडली, पण 'फोर्स इंडिया' टीमवरचा त्यांचा जीव काही कमी झाला नव्हता. कारखाना इंग्लंडमध्ये, ड्रायव्हर परदेशी, तरी नावात इंडिया आहे ना! त्यांचा रोज एकच प्रश्न, "अपनीवाली कितने नंबर पे?"

आपलीवाली यादीतच नव्हती. जानेवारीत मेक्सिको सिटीत नवा रंग दाखवून झाला होता, पण नवी गाडी तयार नव्हती. खेरेसला टीम आलीच नाही. पैशाची ओढाताण आहे अशी चर्चा होती. साहेब म्हणाले, "गई भैंस पानी में." मीही मान डोलावली. ज्याची गाडी परेडलाच हजर नाही, तो लढाई काय करणार?

त्याच आठवड्यात गावाहून पुतण्याचा फोन आला. आमचं गाव साताऱ्याकडचं. पोरगा बारावीला, परीक्षा तोंडावर, आणि डोक्यात फक्त भरती. "काका, आज सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं!" साडेपाच मिनिटांचं लक्ष्य आम्ही दोघांनी मिळून ठरवलेलं, त्यात हा वीस सेकंद आधीच. मला इतका आनंद झाला की मी लगेच दादाला फोनवर घेतलं आणि म्हणालो, "पेपर कसे का जाईनात, पोरगा फौजेत आलाच समज."

हे वाक्य मी बोललो. ते पुढे मला पुरून उरलं.

खेरेसच्या चार दिवसांत सगळ्यात वेगवान लॅप फेरारीची होती. सॉबरसारखी लहान टीमही एक दिवस पहिली आली. साहेबांनी फेरारीला ट्रॉफी देऊनही टाकली. नायक हसला आणि म्हणाला, "साहब, टाइम मत देखो. लॅप गिनो."

मग त्याने हिशोब मांडला. मर्सिडीज वेळेत पहिली नव्हती, पण चार दिवसांत ५१६ लॅप पळाली होती. खेरेसची एक लॅप ४.४ किलोमीटरची, म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटरहून जास्त. एक शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची असते, म्हणजे सात शर्यती झाल्या. मॅक्लारेन-होंडा तेवढ्याच चार दिवसांत ७९ लॅप पळाली. पहिले दोन दिवस तर रोज फक्त सहा. "इनका साल गया," तो म्हणाला.

आणि वेळेवर विश्वास का ठेवायचा नाही, तेही सांगितलं. तेव्हाच्या नियमाने शर्यतीला १०० किलो इंधन मिळायचं. दहा किलो इंधन वाढलं की बार्सिलोनासारख्या ट्रॅकवर एका लॅपला साधारण तीन दशांश सेकंद जातात. भरलेली टाकी आणि जवळपास रिकामी टाकी यांत तीन सेकंदांचा फरक! टायर मऊ की कडक, यानेही वेळ बदलते. आणि टाकीत किती होतं हे कोणतीही टीम बाहेर सांगत नाही. पैसे लावणारा शोधायचा असेल तर कमी इंधनावर मऊ टायर लावून एक लॅप मारायची, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. खरं बघायचं असेल तर गाडी सलग पंधरा-वीस लॅप पळते तेव्हा बघायचं. प्रत्येक लॅपला वेळ किती घसरते, गाडी गॅरेजमध्ये किती वेळ अडकते, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तोच त्रास देते का.

हे ऐकताना मला माझी सिक्कीमची स्टॅलियन आठवली. क्लचचं काम केलं होतं. कॅम्पच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी दोन चकरा पळवली आणि 'ओके' म्हणून सही केली. दोन दिवसांनी तीच गाडी रेशन भरून कॉन्व्हॉयमध्ये निघाली आणि पहिल्याच मोठ्या चढावर क्लच स्लिप व्हायला लागला. मागच्या सगळ्या गाड्या कडाक्याच्या थंडीत दोन तास उभ्या. कुणाला इजा झाली नाही, पण वरच्या पोस्टवर रेशन रात्री पोचलं. माझी चाचणी खोटी नव्हती. रिकामी गाडी सपाटीवर चालते एवढंच तिने सिद्ध केलं होतं, आणि मी सही चढावाची केली होती.

एवढं आठवलं आणि पुतण्याचे पाच मिनिटं दहा सेकंद डोक्यात घुसले. मी उठून बाहेर गेलो आणि गावाला फोन लावला.

"बाळा, कुठल्या ग्राउंडवर पळालास?"

"ग्राउंड कुठलं काका, कालव्याचा रस्ता. मित्र गाडीवर पुढं होता, त्याच्या मोबाइलवर वेळ लावली."

"अंतर कसं मोजलं?"

"गाडीच्या मीटरवर."

"रस्ता कुठल्या बाजूला उतरतो?"

थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "पाण्याच्या बाजूला."

"अशी वेळ किती वेळा आली?"

"एकदाच."

मी त्याला सांगितलं, तालुक्याच्या शाळेचं चारशे मीटरचं ग्राउंड आहे, तिथं पळ. पहाटे तीनला उठ, दोन तास नुसता उभा राहा, मग दहा-बारा पोरांच्या घोळक्यात चार फेऱ्या मार. भरतीला असंच असतं. आठवड्यात तीनदा कर आणि तिन्ही वेळा मला सांग, चांगली तेवढीच नको.

पहिली वेळ आली सहा मिनिटं चार सेकंद. दुसरी पाच अठ्ठावन्न. तिसरी त्याने सांगितलीच नाही, फोन वहिनीकडे दिला. मग मी दादाला घेतलं आणि माझं वाक्य परत घेतलं. म्हणालो, "माझं चुकलं. पोरात दम आहे, पण अजून तयार नाही. त्याला पेपरला बसव, नीट अभ्यास करू दे." दादा काही बोलला नाही. पुतण्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

इकडे २७ फेब्रुवारीला फोर्स इंडियाची नवी गाडी बार्सिलोनात एकदाची ट्रॅकवर आली. बारापैकी तीन दिवस हातात. साहेब पुन्हा म्हणाले, गेली. या वेळी मी मान डोलावली नाही. मी मेकॅनिकसारखा विचार केला. गाडीत इंजिन मर्सिडीजचं, म्हणजे ५१६ लॅप पळून जे खणखणीत निघालं तेच. आदल्या वर्षी त्याच इंजिनावर टीम सहावी आलेली. म्हणजे सगळ्यात अवघड भाग दुसऱ्यानेच तपासून दिलेला. नवी गाडी त्या तीन दिवसांत फार न रुसता पळत होती. वेग कमी होता, पण मोडत नव्हती. मी म्हटलं, "साहब, शुरू में धीरे चलेगी, पर चलेगी." जिलेबीची पैज लागली.

१५ मार्चला मेलबर्नला पहिली शर्यत झाली. मर्सिडीज पहिली आणि दुसरी. बार्सिलोनाच्या पहिल्या चाचणीत सगळ्यात वेगवान ठरलेल्या लोटसच्या दोन्ही गाड्या पहिल्याच लॅपमध्ये बाद. मॅक्लारेनची एक गाडी स्टार्टला उभी राहायच्या आधीच बंद पडली, दुसरी शेवटून पहिली. आणि आपलीवाली सातवी आणि दहावी, दोन्ही गाड्या गुणांत. जुलैत सिल्व्हरस्टोनला सुधारलेली गाडी आली, ऑक्टोबरमध्ये रशियात पेरेझ तिसरा आला. वर्षाअखेर फोर्स इंडिया १३६ गुणांनी पाचवी, मॅक्लारेन २७ गुणांवर नववी. फेरारीने मात्र तीन शर्यती जिंकल्या, म्हणजे खेरेसची तिची वेळ अगदीच पोकळ नव्हती. साहेबांनी जिलेबी खिलवली आणि जिंकल्याचा आनंद माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला.

पुतण्या त्या वर्षी भरतीला गेला आणि पाच एकावन्नला बाहेर पडला. माझ्याशी बोलायला लागला तो त्या रात्री. पुढच्या वर्षी पाच बावीस मारून रन पास झाला, आणि मेडिकलला कानाच्या पडद्यावर अडकला. पळण्याच्या कुठल्याही चाचणीत कान दिसत नाही. फोर्स इंडियाचंही तसंच झालं. २०१६ आणि २०१७ ला टीम चौथी आली, गाडी उत्तम, आणि जुलै २०१८ मध्ये कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेली. पुढे मालक बदलला, नाव बदललं, कामगारांची नोकरी वाचली. आज ती टीम ॲस्टन मार्टिन नावाने पळते.

पुतण्या बारावी चांगल्या मार्कांनी पास झाला होता. त्या मार्कांवर डिप्लोमाला लागला आणि आता चाकणला एका कारखान्यात गाड्यांच्या टेस्टिंग विभागात आहे. मागच्या दिवाळीत रिपोर्ट लिहिता लिहिता मला म्हणाला, "काका, आमचा साहेब नुसता आकडा बघून सही करत नाही. आधी विचारतो, लोड किती होता?"

मी म्हटलं, "त्या साहेबाला माझा सलाम सांग."

जय हिंद.