पावती आहे का तुमच्याकडे?

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांबरोबर नगरपरिषदेत गेलो होतो. कुठली नगरपरिषद ते लिहीत नाही, इथल्या बहुतेकांना कळेलच. काकांना घरपट्टीची नोटीस आली होती आणि त्यात दोन जुन्या वर्षांची थकबाकी दाखवली होती. काका थकबाकी ठेवणारा माणूस नाही, मार्च उजाडायच्या आत भरून मोकळे होतात. खिडकीतल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, मधे मशीन खराब झालं होतं. त्या काळातल्या एंट्र्या गेल्यात. पावती आहे का तुमच्याकडे?"

काकांकडे होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाइट बिल, गॅसचं कार्ड आणि काकूंच्या जुन्या रिपोर्टांबरोबर. एका वर्षाची शाई उडालेली, पण नंबर वाचता येत होता. त्या मुलाने झेरॉक्स घेतली, थकबाकी कमी केली. दहा मिनिटांत काम झालं आणि काका खूश होऊन बाहेर आले.

मी मात्र खूश नव्हतो. ज्याच्याकडे पिशवी नाही त्याचं काय? आणि दुसरं म्हणजे, "मशीन खराब झालं होतं" हे वाक्य मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूने बोललेलो आहे. आज ते सांगून टाकतो. थोडं लांबेल, सवड असेल तेव्हा वाचा.

काही वर्षांपूर्वी मी एका तालुका पातळीवरच्या सरकारी कार्यालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होतो. तीन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घ्यायचा. यूपीएसची बॅटरी मेलेली. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायची तर पेन ड्राइव्ह. त्या पेन ड्राइव्हला कायम कसला तरी व्हायरस, सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसायचे. आणि नावं बघा: "यादी फायनल", "यादी फायनल २", "यादी खरी फायनल", "यादी साहेबांनी बघितलेली". सरकारी किंवा खासगी, कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला ही नावं ओळखीची वाटतील. खरी फायनल कोणती हे फक्त अव्वल कारकून भाऊसाहेबांना माहीत असायचं, आणि ते रजेवर असले की कुणालाच नाही.

मी नवीन होतो, उत्साह होता. माझ्या स्वतःच्या जीमेलवरचं ड्राइव्ह तिन्ही मशीनवर जोडून दिलं. एका ठिकाणी फाइल सेव्ह केली की तिन्हीकडे दिसते. पेन ड्राइव्ह बंद, फायनलचा गोंधळ बंद. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. भाऊसाहेबांनी एवढंच विचारलं, "आणि स्थळप्रत कुठे राहणार?" मी हसून म्हणालो, "भाऊसाहेब, आता तीन-तीन कॉपी आहेत, शिवाय इंटरनेटवर एक!"

त्या हसण्याची लाज आजही वाटते.

लोकांच्या खात्यांचे नंबर असलेली सरकारी यादी मी माझ्या खासगी जीमेलवर ठेवली, ही एक चूक. तेव्हा ती कुणाच्याच, अगदी साहेबांच्याही ध्यानात आली नाही. दुसरी चूक समजायला जास्त अवघड आहे, म्हणून जरा सोडवून सांगतो. तीन मशीनवर तीच फाइल दिसते म्हणजे तीन प्रती आहेत असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सिंक हे आरशासारखं आहे. तुम्ही टिकली लावलीत तर आरशातही दिसते, पुसलीत तर आरशातूनही जाते. सिंकचं कामच ते, एकीकडे झालं ते सगळीकडे करणं. भर घातली तर भर, खोडलं तर खोडलं. बॅकअप म्हणजे काल रात्री जसं होतं तसं वेगळं काढून ठेवलेलं, आज कुणी काहीही केलं तरी न बदलणारं. दोन्ही उपयोगाची, पण एकाचं काम दुसरं करत नाही.

त्या वर्षी अतिवृष्टी झाली. सोयाबीन काढायला आलेलं आणि शेतात गुडघाभर पाणी. पंचनामे झाले, याद्या आल्या, आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसून टाइप केल्या: नाव, गाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, बँक, खाते क्रमांक. मुख्य यादी वेळेत पुढे गेली. मग हरकती आल्या, काही राहिलेली नावं निघाली, त्यांची पुरवणी यादी केली. त्रेचाळीस नावं, सात गावं. तिची छापील प्रत, खाते क्रमांक वगळून, गावोगाव ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावली. काहींचे खाते क्रमांक चुकीचे होते, ते दुरुस्त होईपर्यंत यादी आमच्याच फोल्डरमध्ये थांबली होती.

दिवाळीच्या आधी आमच्या एका ताईंच्या मशीनवर सी ड्राइव्ह लाल झाला. जागाच शिल्लक नाही. त्यांनी जुने दिसणारे फोल्डर उडवले आणि रिसायकल बिन साफ केली. मधे इंग्रजीत एक खिडकी उघडली होती, त्यांनी ओके दाबलं. त्यांना दोष देऊ नका. आपण सगळेच दाबतो. तो फोल्डर त्यांच्या मशीनवरून गेला, माझ्या मशीनवरून गेला, तिसऱ्यावरून गेला आणि इंटरनेटवरूनही कचऱ्यात गेला. कुणाला पत्ता नाही, कारण तेव्हा दिवाळीची सुट्टी आणि मागोमाग निवडणुकीचं काम.

गूगल ड्राइव्हचा कचरा तीस दिवसांनी आपोआप रिकामा होतो. आम्हाला यादी लागली तेव्हा चाळीसच्या वर दिवस होऊन गेले होते.

कागद कुठे गेले, असं विचाराल. होते कागद. पण "टाइप झालेले" म्हणून ते बांधून टाकले होते, आणि निवडणुकीसाठी खोली रिकामी करताना गठ्ठे हलवले गेले. कोणता गठ्ठा कुठे, याची नोंद कुणी केली नाही. सापडले, पण पुढच्या पावसाळ्यात, ओलाव्याने चिकटलेले.

आता गंमत ऐका. ती यादी परत मिळाली कुठून? गावातल्या पोरांच्या मोबाइलमधून. बोर्डावर यादी लागली की पोरं फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. आमचा शिपाई त्यातल्याच एका गावचा. त्याने दोन दिवसांत सहा गावांचे फोटो गोळा करून आणले. एका फोटोवर उन्हाची तिरीप, एकात कुणाचं तरी डोकं मधे. त्यावरून सदतीस नावं उभी राहिली. तलाठ्यांच्या डायरीतून आणखी चार. सरकारी कार्यालयाची गेलेली माहिती "आपलं गाव" नावाच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये सुरक्षित होती!

पण बोर्डावर खाते क्रमांक नव्हते. म्हणजे त्या सगळ्यांना पुन्हा पासबुकची झेरॉक्स घेऊन बोलवावं लागलं. एक आजी चार वेळा आल्या. एकदा झेरॉक्सवाल्याकडे लाइट नव्हती, एकदा पासबुकाचं पहिलं पान फाटलेलं, एकदा मीच जाग्यावर नव्हतो. येण्याजाण्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर मिळणाऱ्या अनुदानातला किती भाग वाटेतच संपला, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी विचारलं, "आधी दिलं होतं ना बाबा?" मी म्हणालो, "आजी, मशीन खराब झालं होतं."

मशीन ठणठणीत होतं.

एक्केचाळीस झाली. दोन राहिले. ते दोघे ऊसतोडीला गेले होते, कोयता घेऊन, बायकापोरांसकट. फोन लागेना. एप्रिल संपता संपता त्यांतला एक आला आणि दारातच उभं राहून म्हणाला, "साहेब, माझं नाव बोर्डावर होतं ना?" मी साहेब नव्हतो, कंत्राटी होतो. होतं म्हणालो. त्याचं नाव पुन्हा पाठवायला नवा प्रस्ताव लागला. पैसे पोचले तेव्हा माझं कंत्राट संपलेलं होतं, शिपायानेच फोन करून सांगितलं. दुसऱ्याचं काय झालं, शिपायालाही माहीत नव्हतं. फाइलवर कारण लिहिलं गेलं "तांत्रिक अडचणीमुळे". ते ड्राइव्ह कुणी जोडलं होतं हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. दक्षिण कोरियासारखा देश, जिथे सगळं ऑनलाइन. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा ठप्प झाल्या. बऱ्याच पुढे पूर्ववत झाल्या, पण जी-ड्राइव्ह गेला. जी-ड्राइव्ह म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइली ठेवायची सामायिक जागा. प्रत्येकाला ३० जीबी, आणि फाइली आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवण्याऐवजी तिथेच ठेवा अशी सूचना. एकूण ८५८ टेराबाइट माहिती होती आणि बाहेर दुसरी प्रत नव्हती. कारण काय दिलं, तर आकारच एवढा मोठा की बॅकअप घेणं जमत नव्हतं. वाचल्यावर मला आमचा सी ड्राइव्ह आठवला.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं. चौथ्या मजल्यावर सुरुवात झाली, वरचे मजले गेले, पाच माणसं गेली. फाइलींचे गठ्ठेच्या गठ्ठे राख झाले. दुसऱ्या खात्यांकडे आणि जिल्ह्यांकडे असलेल्या प्रतींवरून जमेल ते पुन्हा उभं करावं लागलं. म्हणजे उपयोगी पडली ती भाऊसाहेबांची स्थळप्रतच. जुन्या सरकारी कारकुनांना आपण लाल फितीवरून नावं ठेवतो, पण पत्र बाहेर गेलं की त्याची एक प्रत जागेवर राहिलीच पाहिजे, जावक रजिस्टरला नंबर पडलाच पाहिजे, कोणता कागद अ वर्गात कायम ठेवायचा आणि कोणता ड वर्गातला वर्षभरात नष्ट करायचा, हे सगळं त्यांनी बसवलं होतं. कॉम्प्युटर आले आणि आपण रजिस्टर बंद केलं. त्या शिस्तीच्या जागी काहीच ठेवलं नाही.

आणि यात फार मोठं विज्ञान नाही हो. पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला साधा हिशोब आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमच्या कार्यालयात रोज संध्याकाळी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्या दिवसाची प्रत तारखेच्या नावाने काढली असती, डिस्क केबलवरून काढून कपाटात ठेवली असती आणि आठवड्याला एक डिस्क जिल्ह्याला गेली असती, तर ती आजी एकदाच आली असती. केबल काढणं महत्त्वाचं. जोडलेली राहिली तर खंडणी मागणारा व्हायरस मशीनबरोबर डिस्कही कुलूपबंद करतो. आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप आहे अशी अफवा.

खर्च? एक डिस्क काही हजारांत येते. आमच्याकडे त्याच वर्षी साहेबांच्या केबिनला नवे पडदे लागले होते.

माझ्या डोक्यात बसलंय ते वेगळंच. बॅकअप नसतो असं नाही. असतो. तो काकांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, आजीच्या ट्रंकेत, पोरांच्या मोबाइलमध्ये. कार्यालयांनी आपल्या निष्काळजीपणाचा खर्च शांतपणे लोकांवर टाकलाय. माहिती गेली तर सिद्ध करायचं काम तुमचं. पावती हरवली तर पैसे भरा पुन्हा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अभिलेख नीट, सूचीसह ठेवण्याची जबाबदारी सार्वजनिक प्राधिकरणावर टाकली आहे, तुमच्यामाझ्यावर नाही. तिथला "मशीन खराब झालं होतं" म्हणणारा मुलगा मला दिसतो तेव्हा मी त्याच्यावर चिडू शकत नाही. तोही कंत्राटीच असणार. पण त्याच्या वरच्यांना विचारायला हवं.

म्हणून सोमवारी अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून तीनच प्रश्न. घरपट्टीच्या नोंदींची प्रत किती दिवसांनी आणि कुठे काढली जाते? त्या प्रतीवरून माहिती परत मिळवून बघण्याची चाचणी शेवटची कधी झाली? आणि मधे ज्या एंट्र्या गेल्या, त्यातल्या किती लोकांना थकबाकीची नोटीस गेली आहे?

घेणाऱ्याने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कशासाठी हवंय तुम्हाला?" कारण सांगायला मी बांधील नाही, पण सांगितलं. पोच घेतली, फोटो काढला आणि दोन ठिकाणी ठेवला. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे, आलं की इथेच टाकतो. आणि तुमच्यापैकी कुणाला त्या दोन वर्षांची नोटीस आली असेल तर कमेंटमध्ये फक्त वॉर्ड लिहा, नाव नको. पावती असो की नसो.